छोट्या हत्तीची बॉडी बांधताय? आधी खडू घ्या, मग वेल्डरकडं जावा

आमची कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत छोटी एजन्सी हाय, तेलाचे डबे, बिस्किट, साबण, फरसाण, रोज ४०-४२ दुकानं करायची. गाडी साधी, टाटा एस, म्हणजेच छोटा हत्ती. पहिली बॉडी बांधताना मी वेल्डरला एकच सांगितलेलं, "जेवढा माल बसंल तेवढी मोठी कर." तिथंच चुकलं. माल बसला की, पण निघंना. राजारामपुरी आठव्या गल्लीत दुकानदाराला दोन बॉक्स क्रीमचं बिस्किट पाहिजे आणि ते बॉक्स सगळ्यात आत, पुढं तेलाचे डबे रचलेले. हेल्पर डब्यांवर गुडघे टेकून आत घुसलाय, त्याचे फक्त पाय बाहेर दिसायलेत आणि मागं स्कूटरवाल्या काकू हॉर्न दाबून थांबल्यात. एका स्टॉपला नुसतं शोधण्यात दोन मिनिटं धरली तरी ४२ स्टॉपची ८४ मिनिटं झाली, म्हणजे रोजचा जवळजवळ दीड तास माल हुडकण्यात जायचा. तेव्हापासून माझं एकच म्हणणं हाय, गाडीत किती बसतंय ते नंतर बघा, हात घातल्यावर किती सेकंदात निघतंय ते आधी बघा.

तर सुरुवात गोडाऊनच्या फरशीवर. हौद्याचं, म्हणजे माल ठेवायच्या मागच्या भागाचं माप घ्या (आमचा साधारण ७ फूट बाय ५ फूट) आणि तेवढाच चौकोन खडूनं आखा. त्यात खरे बॉक्स, खरे डबे मांडा, हेल्परला कालची बिलं द्या आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसा. कुठला माल जवळपास प्रत्येक दुकानात उतरतोय, कुठला आठवड्यातनं दोनदाच, हे तासाभरात कळतंय. बॉक्सची मापं पण आत्ताच लिहून घ्या, नाहीतर रॅक झाल्यावर बॉक्स एक इंच बाहेर येतोय आणि मग दार लागत नाही, हे आमच्यात झालंय.

आता खरी गोम. जड माल केबिनच्या पाठीला, म्हणजे मागच्या चाकाच्या पुढंच पाहिजे. मागच्या चाकाच्या पलीकडं वजन गेलं की पुढची चाकं हलकी पडतात, स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं आणि ब्रेकला गाडी नीट बसत नाही. पण जड माल म्हणजे तेल, आणि तेल तर प्रत्येक दुकानात लागतंय, मग मागच्या दारातनं तो काढायचा कसा? त्यावर उपाय म्हणजे डाव्या बाजूला, केबिनच्या लगेच मागं, अडीच फुटाचं दार. आपल्याकडं गाडी डावीकडं थांबते, हेल्पर पण डावीकडनंच उतरतो, दोन पावलं टाकली की दार त्याच्या पुढ्यात. हौदा जमिनीपासून उंच असतोच, त्यामुळं रस्त्यावर उभं राहून डबा सरळ छातीशी ओढून घेता येतो, वर चढायची आणि पाठ मोडायची भानगडच नाही. हात दोन फुटापर्यंतच पोचतो म्हणून पलीकडच्या डब्यांसाठी एक लांब लोखंडी आकडा ठेवा, आणि तळाला गुळगुळीत पट्ट्या मारा म्हणजे डबा घसरत अलीकडं येतो.

हे दार उघडणारं नको, सरकतं घ्या. गल्लीत बाजूला स्कूटर लावलेल्या असतात, बिजागरीचं दार अर्धंच उघडतंय. आणि सरकत्या दाराची चॅनेल खाली घेऊ नका, पावसाळ्यात चिखलानं चार दिवसात जाम होते, गोडाऊनच्या दारासारखं वरनं लटकतं करा. दारावर पत्र्याची पन्हाळ पाहिजेच, नाहीतर जुलैमध्ये दार उघडलं की छपराचं सगळं पाणी बिस्किटाच्या बॉक्सवर.

मागचे उरलेले साडेचार फूट हलक्या मालाला. रुंदी ६० इंच, त्यात २० इंचाची रॅक डावीकडं, २० ची उजवीकडं, मधी २० इंच वाट, अंग तिरकं करून माणूस आरामात जातोय. फळ्या वेल्ड करून टाकू नका. आमच्या वेल्डरनं हौसेनं सगळं पक्कं करून दिलं आणि दिवाळीत उटणं-साबणाचे गिफ्ट बॉक्स आल्यावर एकही कप्प्यात बसंना. भोकाचा स्लॉटेड अँगल घ्या, नटबोल्टनं कप्पा वर-खाली करता येतो. प्रत्येक फळी बॉडीच्या भिंतीकडं जरा उतरती ठेवा आणि पुढं दोन इंचाची पट्टी लावा, नाहीतर एका स्पीडब्रेकरला सगळं फरसाण खाली. दोन्ही बाजूचं वजन सारखं ठेवा, एकाच बाजूचे पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले की गाडी कायम तिरकी.

वजनाचं गणित कोण करत नाही, पण करा. आरसीवर अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं वजन) आणि लेडन वेट (भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) असे दोन आकडे असतात, त्यांची वजाबाकी म्हणजे तुमची सगळी शिल्लक, आणि त्यातच बॉडी, रॅक, ड्रायव्हर, हेल्पर सगळं आलं. ३५ बाय ३५ बाय ५ मिमीचा लोखंडी अँगल मीटरला २.६ किलो भरतो, २५ बाय २५ बाय ३ चा १.१ किलो. रॅकला ४० मीटर लागला तर एकात १०४ किलो, दुसऱ्यात ४४. म्हणजे ६० किलोचा फरक, १५ किलोचे चार डबे रोज फुकट फिरवायचे का? खांब जाड घ्या, रॅक बारीक घ्या. गाडी रिकामी वजनकाट्यावर आधी एकदा आणि बॉडी झाल्यावर एकदा चढवा, पावती जपून ठेवा.

उंचीचा नाद पण करू नका. माझी पहिली बॉडी आत साडेसहा फूट होती, गणपतीत मंगळवार पेठेत मांडवाच्या कमानीपुढं थांबलो आणि पूर्ण गल्ली रिव्हर्स घेतली, मंडळाची पोरं "या मामा, या" करत होती. आता साडेपाच फूट हाय, जरा वाकायला लागतं, पण वळणावर डुलत नाही. छपरात मधोमध एक पट्टा अर्धपारदर्शक फायबरचा पत्रा टाका, दिवसा बॉक्सवरचं नाव वाचता येतं. अमेरिकेत युपीएस या कुरिअर कंपनीच्या चॉकलेटी गाड्यांचं छप्पर पण असंच उजेड येणारं असतंय, ती लोकं तर समोरनं ट्रॅफिक येणारं वळण पण होईल तेवढं टाळतात. आपल्याकडं ते म्हणजे उजवं वळण. रूट लावताना बघा, एका गल्लीनं चढून दुसरीनं उतरलं आणि दुकानं डाव्या हाताला आली की तुमचं बाजूचं दार खरं कामाला येतं. बॉक्सवर मार्करनं दुकानाचा नंबर टाका, शेवटच्या दुकानाचा माल आधी चढवा, पहिल्याचा शेवटी.

महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी आत घालायच्या फंदात पडू नका. बाहेर लावा आणि घडीची हातगाडी काढा, तिला मागच्या दाराच्या आतल्या बाजूला कडी करून घ्या. एक क्रेट रिटर्न मालाला वेगळा, एक्स्पायरी माल चांगल्यात मिसळला की संध्याकाळी हिशोबाला डोक्याचा भुगा.

कागदाचं एक. बॉडीचा प्रकार बदलला की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, ती आधी विचारा, वेल्डर "काय होत नाही" म्हणतोच. मागं बॉडी वाढवायची असंल तर मागच्या चाकाच्या मध्यापासनं मागं आलेला भाग व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यामधलं अंतर) ६० टक्क्यांच्या आत पाहिजे, टाटा एसचा व्हीलबेस २१०० मिमी, म्हणजे १२६० मिमी झाली हद्द. आणि माल बॉडीच्या बाहेर लोंबकळत नेला तर दंड २०,००० रुपये हाय. इन्शुरन्सवाल्याला पण कळवा.

उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाले भरपूर हायेत, चार ठिकाणी रेट काढा, पण कागदावर मापं लिहून न्या, तोंडी सांगू नका. आणि रंग लगेच मारू नका. आठ-दहा दिवस तशीच प्रायमरवर फिरवा, हेल्परला विचारा कुठं हात घासतोय, कुठं डोकं लागतंय. आमच्या पोरानं तिसऱ्याच दिवशी सांगितलं, "दादा, दाराची कडी चार इंच खाली घ्या, हातात डबा असला की पोचत नाही." घेतली, मग रंग मारला.