तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र: जोडी घेण्याआधी

बी.ए.ला हे दोन विषय जोडीने घेतो म्हटलं की घरचे विचारतात, "मग पुढे काय?" सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतले मित्र म्हणतात, "युपीएससीला बरं आहे." आणि सीनियर सांगतात की प्लेटो, हॉब्ज, रॉल्स हे विचारवंत दोन्हीकडे आहेत, एकदा वाचले की दोन पेपर निघतात.

ते काही निघत नाहीत. हॉब्जच घ्या. तत्त्वज्ञानाच्या तासाला युक्तिवादाची चिरफाड होते: राज्यसंस्था नसती तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठली असती हे कशावरून? आणि तसं मानलं तरी अनिर्बंध सत्ता हवी, हे त्यातून निघतं का? राज्यशास्त्राच्या मॅडम मात्र विचारणार की १६५१ साली, राजाचा शिरच्छेद होऊन जेमतेम दोन वर्षं झालेल्या इंग्लंडबद्दल हा माणूस हे का लिहितोय. एकीकडचं उत्तर दुसरीकडे उतरवलं की मार्क कापले जातात, आणि ते रास्तच आहे. वह्या वेगळ्या ठेवा.

खरी मजा येते ती सिलॅबसमध्ये समान नसलेल्या ठिकाणी. माझ्यासाठी ते ठिकाण म्हणजे पुणे करार, इथल्याच येरवडा तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेला. राज्यशास्त्रात आम्ही त्याचं गणित मांडलं. दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे जिथे फक्त दलितच मत देणार, ते गेले, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघातून, म्हणजे सगळ्यांच्या मतांनी. म्हणजे दलित उमेदवार कोणाच्या मतांवर निवडून येणार? आंबेडकरांचा पुढचा सगळा आक्षेप या प्रश्नाभोवती फिरतो. तेच प्रकरण तत्त्वज्ञानाच्या चर्चेत नेलं तर प्रश्नच बदलला. स्वतंत्र मतदारसंघांविरुद्धचं गांधींचं उपोषण हे नैतिक आवाहन की आंबेडकरांवरचा दबाव? समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीकच उरली नसेल, तर त्याच्या सहीला संमती म्हणायचं का? मतदारसंघांची रचना माहीत नसताना यावर बोललं की नुसती वाफ निघते. आणि संमतीचा विचार न करता फक्त जागा मोजल्या, तर भांडण कशावरून होतं हेच कळत नाही. असा एखादा प्रसंग पकडून दोन्ही विभागांच्या शिक्षकांना भेटा. बहुतेक शिक्षक खूश होतात, विद्यार्थी आपणहून आला याचंच त्यांना अप्रूप असतं.

वाचनाचं म्हणाल तर राज्यशास्त्राला मराठीत भरपूर आहे. तत्त्वज्ञानात मराठी माध्यमवाल्यांची दमछाक होते. तिथे वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा तत्त्वज्ञान-महाकोश हाताशी असू द्या. इंग्रजी उतारा रोज एक, कितीही कंटाळा आला तरी.

मेजर कोणता, मायनर कोणता? एम.ए. आणि नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) ज्यात करायचं तो मेजर, कारण नेटचा दुसरा पेपर एकाच विषयाचा असतो. युपीएससीवाल्यांनी मात्र लक्षात घ्यावं की वैकल्पिक विषय एकच निवडता येतो, ५०० गुणांचा. तत्त्वज्ञान घेतलं तर दुसऱ्या पेपरात सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञान येतं, तिथे राज्यशास्त्राची मदत होते. राज्यशास्त्र घेतलं तर आंतरराष्ट्रीय संबंधांचा मोठा भाग वेगळा करावा लागतो, त्यात हॉब्ज फारसा कामाला येत नाही.