मेनोपॉजचा त्रास: आधी कुठला त्रास ते बघा, मग उपाय निवडा

पाळी कधी वीस दिवसांत तर कधी दोन महिन्यांनी यायला लागली, रात्री घामाने कपडे भिजतायत, उगाच चिडचिड होतेय, तर बहुतेक सुरुवात झालीये. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात, पण त्रास बऱ्याचदा त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होतो आणि पाळी येतेय ना अजून, मग हे ते नसणार असं म्हणत बायका ढकलत राहतात. वय ४५ च्या पुढे असेल तर हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही, आकडे सारखे वरखाली होत असतात. थायरॉइड मात्र बघून घ्या, धडधड, घाम, थकवा त्यानेही होतो.

दोन-तीन आठवडे मोबाइलमध्ये नोंद ठेवा, वाफा (अचानक अंगातून गरम लाट येऊन घाम फुटणं) कधी आल्या, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, झोप कशी होती, पाळीची तारीख. डॉक्टरांसमोर गेल्यावर निम्मं विसरायला होतं आणि मुख्य म्हणजे प्रत्येक त्रासाचा उपाय वेगळा आहे, सगळ्यावर एकच गोळी नाही.

वाफा येतात कारण इस्ट्रोजेन हे बायकांचं मुख्य हार्मोन कमी झालं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग फारच हळवा होतो, अंग जरासं तापलं तरी घाम काढून गार करायला बघतो. म्हणून सैल सुती कपडे, एकावर एक घालता-काढता येतील असे, झोपायची खोली गार, आणि नोंदीत जे सापडेल ते कमी करा, बऱ्याचजणींना दारू, गरम पेयं, तिखट याने वाढतं. सिगारेट तर सोडाच. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. पण खरं सांगू का, दिवसातून दहादा वाफा येत असतील तर नुसत्या पंख्याने आणि कपड्यांनी भागत नाही, तिथे औषधाचा विचार करावा.

व्यायामाने वाफा थांबतीलच असं नाही, तरी तो सोडू नका, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर विरळ होतात. चालणं चांगलंच पण आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचे व्यायाम हवेतच. पन्नाशीनंतर कॅल्शियम दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम लागतं, जमेल तेवढं जेवणातून, उरलेलं गोळीतून. झोप आणि वाफांच्या वैतागासाठी सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, तिचा उपयोग होतो.

आता एचआरटी, म्हणजे हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी, कमी झालेली हार्मोन औषधातून देणं. सगळ्यात जास्त भीती याचीच, आणि ती आली २००२ साली, अमेरिकेतल्या डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) या बायकांच्या आरोग्यावरच्या मोठ्या अभ्यासात ब्रेस्ट कॅन्सर आणि हार्टचा धोका वाढल्याच्या बातम्या झाल्या तेव्हापासून. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. आज तज्ज्ञ सांगतात की वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील आणि बाकी अडचण नसेल तर बहुतेकींना फायदा जास्त. वाफांवर याच्याइतकं चालणारं दुसरं काही नाही. गर्भाशयाची पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध लागतंच, नाहीतर आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका. गोळीपेक्षा पॅच किंवा जेलने रक्तात गुठळी व्हायचा धोका कमी, हे मुद्दाम विचारा. दोन्ही हार्मोन बरीच वर्षं घेतली तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, तेही बोलून घ्या. ब्रेस्ट कॅन्सर, गुठळी, स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक होऊन गेलाय, लिव्हरचा आजार आहे, तर सहसा देत नाहीत.

अशांसाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत, व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेझोलिनेटंट, त्यासोबत लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. टॅमोक्सिफेन हे ब्रेस्ट कॅन्सरचं औषध चालू असेल तर वाफांसाठी कधीकधी देतात ते पॅरॉक्सेटिन नको, त्याने टॅमोक्सिफेनचा परिणाम कमी होतो. जडीबुटीच्या गोळ्यांचे पुरावे कच्चे आहेत, नैसर्गिक लिहिलंय म्हणून डॉक्टरांपासून लपवून घेऊ नका.

एक त्रास बायका शेवटपर्यंत सांगत नाहीत, योनीमार्ग कोरडा पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखं युरिन इन्फेक्शन. वाफा बऱ्याचदा काही वर्षांनी कमी होतात, हे आपोआप जात नाही, उलट वाढतं. आधी मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट, नाहीतर तिथेच लावायचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा ठेवायची गोळी, ते रक्तात फारच कमी उतरतं म्हणून पुष्कळ जणींना चालतं (ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच).

पाळी गेल्याला वर्ष झाल्यावर अंगावरून गेलं, अगदी एक डाग का असेना, तर लगेच दाखवा. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तरी दाखवा, तेव्हा हार्मोन देण्याची कारणं वेगळी असतात. आणि हो, एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नाही, पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची.