चिनी वर्षाची चोवीस पेरं, आणि ती धरून राहायचं कसं

चीनमधल्या हांगझोऊला येऊन मला सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी दर पंधरवड्याला शेजारच्या आयी (चिनीत आयी म्हणजे मावशी, काकू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात कालवलं होतं) दार वाजवून काहीतरी खायला द्यायच्या आणि म्हणायच्या आज अमुक लागलं, आज तमुक लागलं. मला वाटायचं किती सण आहेत या लोकांचे! नंतर कळलं की हे सण नाहीत, च्येछी आहेत, म्हणजे वर्षाचे पंधरा-पंधरा दिवसांचे टप्पे. यातल्या च्ये अक्षराचा मूळ अर्थ बांबूचं पेर. म्हणजे वर्षाच्या बांबूला चोवीस पेरं. तेव्हापासून मी ते पाळतेय, आणि नवीन येणारी मराठी मंडळी विचारतात म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

आधी एक गैरसमज काढून टाका. हे चंद्रावर चालत नाही. चिनी नवीन वर्ष चंद्राचं, पण च्येछी पूर्ण सूर्याचं. सूर्य वर्षाच्या फेऱ्यात १५ अंश सरकला की एक पेर संपतं, ३६० भागिले १५, झाले चोवीस. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही, गावाकडे अजून मृग लागला, आर्द्रा लागली असं म्हणतात ना, ती सूर्याचीच नक्षत्रं, तेरा-चौदा दिवसांचं एकेक. आणि आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात संक्रांत येत नाही तो अधिक मास, तसंच इथे चोवीसपैकी बारा मुख्य च्येछी आहेत, त्यातली एकही ज्या महिन्यात पडत नाही तो महिना यांचा अधिक. मला हे कळलं त्या दिवशी मी घरी फोन करून बाबांना अर्धा तास सांगत होते.

तारखा पाठ करायची गरज नाही. इथली पोरं शाळेत एक गाणं शिकतात त्यात युक्ती आहे: वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात दर महिन्याची ६ आणि २१ तारीख, दुसऱ्या अर्ध्यात ८ आणि २३. एखाद-दोन दिवस मागेपुढे होतं तेवढंच. फोनमध्ये दर महिन्याला दोन रिमाइंडर लावा, झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही नावं हांगझोऊसाठी ठेवलेलीच नाहीत. ती पिवळ्या नदीच्या खोऱ्यातली, उत्तरेकडची, आणि इसवी सनपूर्व १०४ मध्ये ती सरकारी पंचांगात घेतली गेली. त्यामुळे दक्षिणेतल्या ग्वांगझोऊमध्ये राहून 'मोठा बर्फ' या च्येछीला बर्फाची वाट बघू नका, आणि थेट उत्तरेतल्या हार्बिनमध्ये असाल तर लीछुनला, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या आसपास 'वसंत लागला' म्हणून स्वेटर काढू नका. इथे हांगझोऊला ८ ऑगस्टच्या सुमारास लीछ्यू लागतं, नाव शरद ऋतूचं आणि बाहेर भट्टी. लोक त्या उन्हाला 'शरदातला वाघ' म्हणतात.

म्हणून माझी पद्धत अशी की एक साधी वही करायची, दर च्येछीला एक पान. नाव लिहायचं आणि खाली आपल्या खिडकीतून, आपल्या बाजारात खरंच काय दिसतंय ते. जुन्या लोकांनीही हेच केलं होतं, प्रत्येक च्येछीचे पाच-पाच दिवसांचे तीन तुकडे पाडले, असे एकूण ७२, आणि प्रत्येकाला एक खूण, पूर्वेच्या वाऱ्याने बर्फ वितळतो, पीचला फुलं येतात, अशा. माझ्या वहीत छिंगमिंगच्या (५ एप्रिल) आधी लोंगचिंग चहाची पहिली खुडणी आणि दुकानात हिरवे चिकट तांदळाचे गोळे, श्याचिला (२१ जून) यांगमेई फळांच्या टोपल्या, आणि शरदात क्वेइह्वाची बारीक पिवळी फुलं, ज्यांच्या वासाने अख्खी गल्ली भरून जाते. दोन वर्षं वही भरली की तुमचं स्वतःचं पंचांग तयार होतं.

खाण्याचं सोपं आहे, त्या आठवड्यात बाजारात ज्याचा ढीग आणि जे स्वस्त, ते घ्या. शिवाय ठरलेले पदार्थ आहेत: लीछुनला पातळ पोळीत भाज्या गुंडाळून, लीश्याला (६ मे) इथे पानांच्या रसात रंगवलेला काळा भात, श्याचिनंतरच्या कडक उन्हाळ्यात मुगाचं पातळ सार. तोंगचिला (डिसेंबरातली सगळ्यात मोठी रात्र) उत्तरेत च्याओझ, म्हणजे सारण भरलेले मोदकासारखे डंपलिंग, आणि दक्षिणेत तांगयुआन, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे. एक वर्ष मी सगळे चोवीसच्या चोवीस पदार्थ करायचं ठरवलं आणि चौथ्यालाच थकले, त्यापेक्षा पाच-सहा धरा.

कपड्यांची म्हण आहे, वसंतात गुंडाळून राहा, शरदात जरा गार सोसा. म्हणजे मार्चमधल्या पहिल्या उन्हाला भुलून जाकीट पेटीत टाकायचं नाही, आणि सप्टेंबरच्या पहिल्या गारव्याला लगेच थर चढवायचे नाहीत. मात्र पायलू (८ सप्टेंबर, 'पांढरं दव') लागलं की हात-पाय उघडे टाकून झोपू नये म्हणतात. आयी तर माझ्या चपलांकडे बघून रागावतात.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे मांगचोंग, ६ जूनच्या आसपास. मांग म्हणजे कुसळ. कुसळाचा गहू कापायचा आणि कुसळाचा भात लावायचा, दोन्ही कामं एकाच वेळी अंगावर येतात. एक-दोन दिवसांनी तिकडे मृग लागतो. मग इथे आलुबुखारे पिकायच्या सुमारास येणारा, आठवडेच्या आठवडे पिरपिरणारा पाऊस सुरू होतो, म्हणून त्याआधी घरात तीन कामं उरकून घ्या: कपाटातल्या लेदरच्या वस्तू पुसून हवेशीर जागी ठेवा, डाळ-तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यात हलवा, आणि एसीचा ड्राय मोड चालतोय का बघा. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नाही आणि आईने दिलेल्या पैठणीच्या पिशवीला बुरशी आली.

सुरुवात कधी करायची विचाराल तर तोंगचिला करा, २१ किंवा २२ डिसेंबर, सगळ्यात मोठी रात्र. त्या दिवसापासून इथे नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजतात, ८१ दिवस. एका कागदावर पानं नसलेली फांदी काढायची, तिला नऊ फुलं, प्रत्येक फुलाला नऊ पाकळ्या, आणि रोज एकच पाकळी रंगवायची. मी जेवणं झाली की रंगवते, दोन मिनिटं लागतात. शेवटची पाकळी ११-१२ मार्चला भरते, तेव्हा पीचच्या झाडाला खऱ्या कळ्या धरलेल्या असतात.