माणूस झोपतो तिथे लावा: सीओ अलार्मच्या या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत आमच्या विदर्भात थंडी पडली की गावात एखादं तरी घर असं असतंच, जिथे बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवलेली असते, खिडकीला गोधडी टांगलेली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, अन् सगळ्यांना वाटतं पोरगी अन् बाळ मस्त उबेत आहे. माझ्या मावसबहिणीच्या बाळंतपणात हेच झालं. चौथ्या दिवसापासून तिचं डोकं दुखायला लागलं, मळमळ, उभं राहिलं की चक्कर. कोणी म्हणे अशक्तपणा, कोणी म्हणे नजर लागली. अंगणात उन्हात बसवली की तासाभरात बरं वाटायचं, आत नेली की परत तेच. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर ९८ दाखवला, म्हणून कोणी घाबरलंच नाही. मी शेगडीकडे बोट दाखवलं तर मावशी म्हणाली, "निखारे लाल झाले, धूर तं नाई, मंग काय होते बाप्पा?"

खरा घोटाळा इथेच आहे. कोळसा बंद खोलीत जळतो तेव्हा त्याला हवा पुरत नाही अन् कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे सीओ. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत नाही. धूर असला तर माणूस खोकतो, उठून बाहेर तरी येतो, पण लाल निखाऱ्याच्या खोलीत तो झोपूनच राहतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो, अन् बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून आकडा ९८ दिसत राहतो. डोकं दुखतंय, घरातल्या दोघा-तिघांना एकदम दुखतंय अन् बाहेर गेलं की थांबतंय, असं असलं तर मशीनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बहिणीला शेवटी दवाखान्यात नेलं, रक्त तपासल्यावर उलगडा झाला. मास्क लावून ऑक्सिजन दिला, त्यानं हा वायू रक्तातून लवकर निघतो, साध्या हवेत अर्धा व्हायला चार-पाच तास लागतात तर शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. माय-लेकरू दोघंही वाचले.

त्यानंतर मी सीओ अलार्म मागवला, म्हणजे खोलीतल्या हवेत हा वायू वाढला की वाजणारी डबी. अन् पहिली चूक आम्हीच केली, चुलीच्या वर भिंतीला लावला. वाटलं की आग जिथे आहे तिथेच पाहिजे ना. सकाळी पऱ्हाट्या-तुराट्या घालून चूल पेटवली की भाकरी होईपर्यंत अलार्म ओरडायचा, दोनदा-तीनदा झालं अन् चौथ्या दिवशी मावशीनं बॅटरी काढून फडताळात ठेवून दिली, "रोज बोंबलते, कायले ठेवता?" तिची चूक नव्हती, जागाच चुकीची होती. चूल असो की गॅस, त्याच्या अगदी वर लावायचा नाही, वाफ, काजळी, तेलकटपणा सेन्सरला मारतो. जळणाच्या वस्तूपासून आडवं अंतर १ ते ३ मीटर ठेवायचं. पण मी तर म्हणतो एकच अलार्म घेणं परवडत असेल तर आधी झोपायच्या खोलीत लावा. जागा माणूस डोकं दुखलं तर बाहेर तरी जाईल, झोपलेल्याला उठवायला दुसरं कोणी नाही.

उंचीबद्दल लोक फार गोंधळतात. सीओ हवेपेक्षा किंचितच हलका असतो अन् खोलीभर हवेत मिसळून जातो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गॅस गळतीचा अलार्म जमिनीपासून फूटभर वर लावतात. आता ऑनलाइन घेताना नाव सारखंच, डबी सारखीच, मग लोक एलपीजीचा अलार्म घेतात अन् समजतात आपलं कोळशाचं काम झालं, नाही झालं! धुराचा अलार्म पण वेगळा. घेताना डबीवर कार्बन मोनॉक्साइड स्पष्ट लिहिलंय का ते बघा, अन् ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ हे मानक लिहिलंय का ते पण बघा. झोपायच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीला लावला तरी चालतो. जिथे जळण जळतं त्या खोलीत मात्र उंच लावायचा, दार-खिडकीच्या वरच्या काठापेक्षा वर, पण छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली. कोपऱ्यात, पडद्यामागे, कपाटावर ठेवू नका, तिथे हवा फिरतच नाही.

टिनाच्या छताला लावायचा मोह आवरा. बऱ्याच अलार्मची उष्णतेची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते, अन् आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतात, टिनाखाली तर त्याच्यावर जातं. आतल्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीला वर सांगितलेल्या उंचीवर लावा. मातीची भिंत असेल तर स्क्रू पकडत नाही, चिकट पट्टी उन्हाळ्यात सुटते अन् अलार्म पडून फुटतो, म्हणून लाकडी गुल्ली ठोकून तिच्यात स्क्रू मारायचा. कवेलूच्या घरात वरून माती-कचरा गळतो, महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचा, ओलं फडकं नाही, साबण नाही. कापूस घरात भरलेला असेल तर त्याची बारीक मऊ लव अलार्मच्या जाळीत जाऊन बसते, ती ब्रशनं काढा.

कुलरचं वेगळं. कुलरच्या किंवा पंख्याच्या झोतात अलार्म असला तर त्याच्यावर बाहेरची ताजी हवा येत राहते अन् खोलीतला वायू त्याला कळतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. बरेच अलार्म ३ मीटरवर साधारण ८५ डेसिबल वाजतात पण कुलर चालू, दार बंद, आजोबांना ऐकू कमी, मग? बटण दाबून कुलर चालू असतानाच ऐकून पाहा, शेवटच्या खाटेवरून ऐकू आलं पाहिजे.

आता हे टेस्ट बटण. ते दाबलं अन् टींटीं वाजलं की लोक निश्चिंत होतात, पण बहुतेक अलार्ममध्ये ते फक्त भोंगा अन् बॅटरी तपासतं, सेन्सर जिवंत आहे का ते नाही. म्हणून कोणी अगरबत्ती धरतं, कोणी गाडीच्या सायलेन्सरजवळ नेतं, हे दोन्ही करू नका. अगरबत्तीचा धूर कळायला हा धुराचा अलार्म नाही अन् सायलेन्सरजवळ एवढा वायू असतो की सेन्सर खराब होऊ शकतो. सेन्सरची मुदत कंपनीप्रमाणे ५ ते १० वर्षं असते, ती मागे छापलेली असते, ती तारीख मार्करनं समोर लिहून ठेवा. अन् नवीन आणल्यावर बॅटरीची प्लास्टिकची पट्टी ओढली का ते बघा, मी दोन घरात पट्टीसकट टांगलेला अलार्म पाहिला, वर्षभर. लोडशेडिंग असल्यामुळे नुसता प्लगवर चालणारा घेऊ नका, बॅटरी पाहिजेच.

रात्री मिनिटभरानं एकदाच चिक वाजलं तर बहुतेक बॅटरी उतरली किंवा मुदत संपली. सलग जोरात वाजला, बऱ्याच अलार्ममध्ये चारदा वाजून थांबतो अन् परत चारदा, तर वायू आहे समजा. नक्की पुस्तिकेत बघा अन् ते पान भिंतीला लावा. कधीकधी खोटा पण वाजतो, दिवाळीचा ताजा रंग, मच्छर मारायचा स्प्रे, बंद खोलीत ठेवलेली फवारणीची औषधं, त्यांच्या वाफेनं. पण आधी सगळे बाहेर अन् मग कारण शोधा, आधी कारण शोधत बसायचं नाही. लहान मूल अन् म्हातारं माणूस पहिलं उचला, अंगणात येऊन डोकी मोजा, कोणाला चक्कर असेल तर १०८ ला फोन लावा अन् फोनवरच सांगा की बंद खोलीत कोळसा जळत होता, म्हणजे डॉक्टर ऑक्सिमीटरवर न थांबता रक्त तपासतील. दार उघडल्यावर डिस्प्लेवर शून्य आलं म्हणून लगेच आत जाऊन झोपू नका.

कमी वायूवर अलार्म लगेच वाजत नाही हे पण माहीत असू द्या. ईएन मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग सीओ) ६० ते ९० मिनिटांत वाजतो, ३०० ला तीन मिनिटांत. नवजात बाळाला कमी वायूचा पण जास्त त्रास होतो. म्हणून अलार्म आहे ना मग ठेवा शेगडी, असं मी कोणालाच म्हणत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, घमेल्यात निखारे, काहीच नको. शेकायचं फडकं बाहेर गरम करून आणा, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, ती ऊब कोणत्याही कोळशापेक्षा चांगली. जनरेटर अन् डिझेल इंजिन पण ओसरीत चालवू नका, घरापासून २० फूट तरी लांब, खिडकीच्या उलट्या दिशेला. गॅसची ज्योत निळी न राहता पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं, तर बर्नर साफ करून घ्या.

मावशीच्या घरी आता अलार्म बाजेच्या बाजूच्या भिंतीला आहे, मुदतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहिलेली. या हिवाळ्यात शेजारची सून बाळंत झाली तर मावशीनंच त्यांची शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली.