रोमन लिपीतली जुनी ओवी कशी वाचावी

मी सिंधुदुर्गात मराठी शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना मी जेझुइट पंथाच्या फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं ओवीबद्ध काव्य, आधी रोमन लिपीतूनच वाचायला लावते. १९५६ची शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती आहे, ती पडताळ्यासाठी ठेवा. रोमनच आधी, कारण ही लिपी एकदा जमली की याच जेझुइटांची कोकणी पुस्तकंही वाचता येतात.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि पुढे गोव्यातल्याच साष्टी भागात राहिला. क्रिस्तपुराण १६१६ साली तिथल्याच रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, अक्षरं मात्र पोर्तुगीज वळणाची. तेव्हा इंग्रजी स्पेलिंग आधी बाजूला ठेवा. एक्स म्हणजे श. क्यू-यू-आय म्हणजे ‘कि’. क्यू-एच म्हणजे ख. शेवटी वाय आला तर ई. अक्षरावर नागमोडी रेघ दिसली की अनुस्वार.

खरी मेख जोडलेल्या अक्षरांत आहे. दोन एल म्हणजे ळ. दोन टी आणि पुढे एच म्हणजे ठ. दोन एस मात्र साधा स. पोर्तुगीजात दोन स्वरांमधल्या एकट्या एसचा उच्चार झ होतो, म्हणून ही खबरदारी.

सरावाला ही ओवी घ्या:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

ती रोमनमध्ये काढा आणि मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात नको. किळा, निळा, चोखळा या यमकानं ळ कुठे आहे ते कानालाच कळतं. एका ठिकाणी ‘ल’ वाचलात तर चाल लगेच अडखळते. ओवीइतका चांगला तपासनीस दुसरा नाही.

मग कोकणीकडे वळा. १६२२ सालची दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक, प्रश्नोत्तरांत आहे. चर्चच्या शाळांतून मुलांकडून शिकवण घोकून घेत, म्हणून दोघांनी मिळून वाचा: एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. कोकणीची क्रियापदं अशीच तोंडात बसतात. अडलं तर स्टीफन्सचं कोकणी व्याकरण आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४०मध्ये, दियोगु रिबैरुनं सुधारून छापलं. स्पष्टीकरणं पोर्तुगीजात असली तरी कोकणी रूपं ओळखू येतात.

वाचताना काळही समोर ठेवा. याच साष्टीतली देवळं १५६७मध्ये पाडली गेली, आणि १६८४च्या फर्मानानं लोकांना तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितलं. मी हे वर्गात स्पष्ट सांगते. पुस्तकाचं प्रेम म्हणून ते लपवू नये.

शंका राहिली तर साष्टीतल्या एखाद्या आजीला तिचं प्रार्थनेचं पुस्तक वाचून दाखवायला सांगा. रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, एक्सचा श आजही तसाच आहे. गोव्यातल्या पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोकणी केंद्रातही विचारा. जाताना अडलेल्या ओळी कागदावर उतरवून न्या.