चांदण्या मोजायच्या कशा आणि सगळ्या सारख्या का चमकत नाहीत

डिसेंबर लागला की आमच्या खान्देशात भरीत पार्ट्या सुरू होतात, म्हणजे शेतात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरी, सोबत कांद्याची पात, आणि पोट भरलं की सगळे गोधड्या टाकून बांधाजवळ आडवे. अशाच एका पार्टीत भाच्यानं विचारलं, मामा वर चांदण्या किती असतील? एक जण म्हणाला लाखो, दुसरा म्हणाला अब्जावधी, तिसऱ्यानं मोबाईल काढून त्याच्याहून मोठा आकडा वाचून दाखवला, पण मान वर करून मोजायला कोणी तयार नाही. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला आलेले शेजारचे जिभाऊ तर हसायलाच लागले, "इतल्या चांदन्या मोजीसन काय करशी रे भाऊ?"

पण मोजता येतात. एका तासात येतात, आणि सामान म्हणाल तर एक जाड कागद, पट्टी आणि चिकटपट्टी.

ए-फोर साइजचा जाड कागद घ्या, काळा मिळाला तर उत्तमच, आणि उभा गुंडाळून नळी करा. अर्धा सेंटीमीटर कागदावर कागद चढवून चिकटवला की नळीचं तोंड साधारण साडेसहा सेंटीमीटर होतं. आता नळीची लांबी तोंडाच्या बरोबर चौपट पाहिजे, म्हणजे २६ सेंटीमीटर ठेवायची आणि वरचा तुकडा कापून टाकायचा. ही चौपट सोडून बाकी काही चुकलं तरी चालेल. लांबी चौपट असली की एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकातून जेवढं आकाश दिसतं ते आपल्या वरच्या पूर्ण अर्धगोलाचा १२८ वा भाग असतो. म्हणजे नळीतून दिसलेल्या चांदण्या गुणिले १२८, झालं काम. पण एकाच जागेवर भरवसा नको, कुठं दाटी असते कुठं ओसाड, म्हणून दहा ठिकाणी नळी लावायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला १२.८ नं गुणायचं.

या दहा जागा निवडताना लोक हमखास चुकतात. डोक्यावरचं आकाश छान दिसतं म्हणून सगळे तिथंच मोजतात आणि आकडा फुगतो. खरं तर आकाशाचं निम्मं क्षेत्रफळ क्षितिजापासून ३० अंशांच्या आतच असतं, म्हणून पाच जागा खालच्या घ्या आणि पाच वरच्या. ३० अंश ओळखायचे कसे, तर हात पूर्ण लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे अंदाजे १० अंश, तीन मुठी एकावर एक रचल्या की झालं. आणि चांदणी बघून नळी लावायची नाही, आधी नळी लावायची मग बघायचं, नाहीतर सगळे जण तिकांड्यावरच, म्हणजे मृगातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांवरच, जाऊन बसतात.

अमावास्येच्या दोन-चार दिवस मागंपुढं बसा. मोटारीच्या खोलीवरचा बल्ब बंद करा आणि वीस-तीस मिनिटं मोबाईल खिशात ठेवा, ही अट सगळ्यात अवघड आहे मला माहितीय, पण डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ घेतोच आणि एक व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की परत पहिल्यापासून सुरू. आकडे लिहायला टॉर्च लागली तर तिच्यावर लाल पतंगीचा कागद बांधा. अगदी मंद चांदणी सरळ बघितली तर गायब होते, जरा तिरपं बघितलं की दिसते, तीही मोजायची. आणि लाइट गेली तर वैतागू नका, यासारखी संधी नाही.

आमचा हिशोब सांगतो. गावातल्या गच्चीवरून दहा ठिकाणच्या मिळून वीस आल्या, म्हणजे २५६. दोन दिवसांनी शेतातून नव्वद आल्या, म्हणजे ११५२. आकाश तेच, नळी तीच, माणसं तीच, आणि चांदण्या चौपटीपेक्षा जास्त. भाचा म्हणे मामा तुमचं काहीतरी चुकलं. काही चुकलं नव्हतं. चांदण्या किती हा प्रश्न मुळातच अर्धा आहे, पूर्ण प्रश्न असा की किती मंद चांदणीपर्यंत मोजायच्या?

इथं तेजाची मोजपट्टी समजून घ्यावी लागते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीसमध्ये हिप्पार्कस होऊन गेला, ताऱ्यांना तेजाप्रमाणे सहा प्रती लावायची पद्धत त्याच्या नावावर सांगतात, सगळ्यात ठळक ते पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या. म्हणजे नंबर जितका मोठा तितका तारा मंद, शाळेतल्या नंबरासारखंच, पहिला नंबर हुशार. मग १८५६ साली नॉर्मन पॉगसन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं त्याला गणितात बसवलं, पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट फरक, म्हणून एका प्रतीला साधारण अडीच पट. हे पॉगसन साहेब पुढं १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले.

आता गंमत बघा. सगळ्या आकाशात, म्हणजे आपल्या पायाखालचं आकाश धरून, दुसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे फक्त ५० च्या आसपास आहेत. तिसरीपर्यंत गेलं की १७० च्या आसपास, चौथीपर्यंत ५००, पाचवीपर्यंत १६००, सहावीपर्यंत ५००० च्या घरात. एक पायरी उतरली की गर्दी तिप्पट! आपल्याला एका वेळी यातले निम्मे दिसणार, म्हणून गावात चौथ्या प्रतीच्या पुढचं सगळं उजेडानं खाल्लं की २५० उरतात आणि शेतात पाचवीच्या पुढं नजर पोचली की हजाराच्या वर जातं. डोळ्यांची अगदी शेवटची मर्यादा साडेसहा प्रत धरली तरी पूर्ण आकाशात ९००० च्या आसपासच होतात. सातपुड्यात तोरणमाळकडं अंधाऱ्या रात्री गेलात तर दोन-अडीच हजारांची अपेक्षा धरा, लाखोंची नको.

तुमची नजर कुठपर्यंत पोचते ते झटपट बघायचं असेल तर कृत्तिका बघा. त्या पुंजक्यात सहा नीट सुट्या मोजता आल्या म्हणजे तुम्ही सव्वाचार प्रतीच्या पुढं आहात. लग्नात गुरुजी अरुंधती दाखवतात ती चौथ्या प्रतीची, लॉन्समधल्या एवढ्या फ्लडलाइटमध्ये ती कोणाला दिसते देव जाणे, नवरा-नवरी आपले हो म्हणतात.

मग अब्जावधी म्हणणारा खोटा होता का, तर नाही, तो फक्त डोळ्यानं दिसतात त्यांची गोष्ट करत नव्हता. युरोपच्या गाया दुर्बिणीनं २०२२ मध्ये जी यादी दिली तिच्यात १८० कोटींच्या वर नोंदी आहेत आणि आपल्या आकाशगंगेत एकूण तारे १०० ते ४०० अब्ज असावेत असा अंदाज आहे. पण भाच्याला मी नळीच दिली.

आता चमक कमी-जास्त का. शेतातून बघितलं तर शेजारच्या विहिरीवरचा छोटा बल्ब डोळ्यात खुपतो आणि लांबच्या जिनिंगवरचा मोठा फ्लडलाइट बारीक ठिपका दिसतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. आकाशात हीच जोडी व्याध आणि अगस्त्य. व्याध रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, पण तो साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे म्हणून, त्याचा स्वतःचा उजेड सूर्याच्या २५ पट. अगस्त्य ३०० प्रकाशवर्षांपेक्षा लांब आणि सूर्याच्या १० हजार पटीहून जास्त प्रखर, तरी दुसरा नंबर. बिचाऱ्यावर आपल्याकडं आणखी एक अन्याय होतो, जळगाव-धुळ्यावरून तो दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त दीड मूठच वर येतो, तिथं त्याच्या उजेडाला हवेचा तीन-साडेतीन पट जाड थर कापावा लागतो, त्यात पऱ्हाटी जाळल्याचा धूर, म्हणून तो अजून मंद दिसतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दोघं दक्षिणेकडंच दिसतात, व्याध चांगला वर आणि अगस्त्य खाली, ताडून बघा. आणि आपला सूर्य? साडेबत्तीस प्रकाशवर्षांवर नेऊन ठेवला तर ४.८ प्रतीचा होईल, आमच्या गच्चीवरून दिसणारसुद्धा नाही.

लुकलुक ही ताऱ्याची नाही, आपल्या हवेची, थंड-गरम थर हलतात म्हणून. ती चमक बदलण्यात धरू नका. खरोखर बदलणारे तारे वेगळे. २०१९ च्या शेवटी मृगातला तांबूस काक्षी मंद व्हायला लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत निम्म्याच्याही खाली आला, आता फुटतो की काय अशी चर्चा झाली, पण त्यानं स्वतःच फेकलेल्या धुळीचा ढग मधे आला होता, नंतर झाला परत पहिल्यासारखा.

असा बदलणारा तारा घरी बसून तपासायचा असेल तर अल्गोल घ्या. डिसेंबरात रात्री नऊला उत्तरेकडं तोंड करून जवळजवळ डोक्यावर बघा, शर्मिष्ठा या तारकासमूहाचा एम आणि कृत्तिका यांच्या मधे ययाती हा तारकासमूह, त्यातला दुसरा ठळक तारा तो. सापडत नसेल तर स्टेलेरियम अ‍ॅप लावून एकदा ओळख करून घ्या आणि मग फोन बंद. तिथं एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत, मंदवाला तेजस्वीच्या समोर आला की प्रत २.१ वरून ३.४ वर घसरते, म्हणजे तेज तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. जॉन गुडरिक नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं, त्याला ऐकू येत नव्हतं, १७८३ मध्ये हे ग्रहणासारखं असावं असं नुसत्या डोळ्यांच्या नोंदीवरून सांगितलं होतं.

तुलनेला शेजारच्या देवयानी तारकासमूहातला, ययातीच्या बाजूच्या टोकाचा तारा धरा, एरवी अल्गोल त्याच्या बरोबरीचा दिसतो. रोज रात्री दर तासाला वहीत बरोबर, कमी, खूप कमी एवढंच लिहा. एक फेरा २ दिवस २० तास ४९ मिनिटांचा असतो, म्हणून एकदा मंद पडलेला सापडला की तीन दिवसांनी तो तीन तास अकरा मिनिटं आधी पडेल, म्हणजे आज अकराला सापडला तर तीन दिवसांनी पावणेआठ-आठला, जेवणाच्या आधी गच्चीवर जा.