खमंग काकडी: पानं वाढण्याआधीची तयारी

तयारी सुरू होते ती आदल्या रात्री, दाण्यांपासून. वाटीभर शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. मोठ्या आचेवर सालं करपतात आणि दाणा आत कच्चाच राहतो. मग खमंगपणा यायचा कुठून? दाणे अगदी गार होऊ द्या. कोमट असताना मिक्सरला लावले, तर तेल सुटून गोळा होतो. सालं चोळून पाखडा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवून कूट भरडच ठेवा. विकतचा कूट मी वापरत नाही. दळून ठेवलेला दाणा लवकर खवट होतो, आणि या पदार्थाचा सगळा जीव कुटातच आहे.

चौघांसाठी मध्यम आकाराच्या तीन कोवळ्या, कडक काकड्या लागतात. पिवळट, फुगलेली काकडी नको, तिच्या बिया जून असतात. देठाकडचा तुकडा कापून चाखून बघा, आणि तोही प्रत्येक काकडीचा. कडूपणा कुकरबिटासिन या द्रव्यामुळे येतो आणि देठाकडे तो जास्त असतो. एकदा माझ्याकडे पाहुणे पानावर बसले होते आणि एका न चाखलेल्या काकडीने सगळं पातेलं टाकावं लागलं. काकडी कडू निघाली, तर सरळ फेकून द्या.

काकडी किसायची नाही, चोचवायची. सोललेली काकडी हातात उभी धरून सुरीने जवळजवळ चिरे पाडायचे आणि वरचे वर काप काढत जायचं. वेळ लागतो, पण दाताखाली कुरकुरीत तुकडा येतो. किसाचा मात्र लगदा होतो. चोचवलेली काकडी झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

आता तिला लावायचं मिश्रण. एका लिंबाच्या रसात चमचाभर साखर पूर्ण विरघळवा; साखर थेट काकडीवर घातली तर कुठे गोड, कुठे आंबट लागते. त्यात एक हिरवी मिरची ठेचून घाला. अर्धी वाटी कूट, दोन चमचे ओलं खोबरं आणि चिरलेली कोथिंबीर शेजारी काढून ठेवा. फोडणीच्या कढल्यात चमचाभर साजूक तूप, जवळ जिरं आणि हिंग. उपवासाचं असेल तर हिंग वगळा. कोथिंबिरीचं ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.

मीठ मात्र अजिबात आधी घालू नका. मिठाने काकडीला पाणी सुटतं आणि कूट त्यात भिजून चिकट होतो. पानात वरण-भात पडायला लागला की काकडीवर लिंबाचं मिश्रण ओता, कूट-खोबरं पसरा आणि तडतडती फोडणी नेमकी कुटावर घाला. मग मीठ, कोथिंबीर, हलक्या हाताने एकदा कालवणं, आणि लगेच पानाच्या डाव्या बाजूला.